एंटरप्राइजवर भरीत: विज्ञानकथेत नामवंत लेखकांच्या शैलीचं विडंबन कसं लिहावं

थंडी पडली की आमच्याकडे खानदेशात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. शेतात पऱ्हाट्यांचा जाळ, बामणोदची वांगी, कळण्याच्या पुऱ्या, हिरव्या मिरचीचा ठसका. जेवणं उरकली की कोणी गातं, कोणी नकला करतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री आमच्यातल्या एकाने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि 'स्टार ट्रेक' या इंग्रजी अंतराळमालिकेतल्या कप्तान कर्कची फजिती बखरीच्या भाषेत वाचून दाखवली. यान तेच, माणसं तीच, पण कप्तान 'स्वारी' झालेला आणि त्याचा इंजिनिअर 'सरदार'. तेव्हापासून दर हिवाळ्यात दोन-चार जण काहीतरी लिहून आणतात, आणि दर हिवाळ्यात एखादं नवं पोरगं विचारतं, "काका, हे कसं लिहायचं?" दरवेळी जाळापुढे बसून तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

घर एकच ठेवा

या खेळात दोन गोष्टी असतात. एक, सगळ्यांना माहीत असलेलं कथेचं जग. दुसरी, सगळ्यांना माहीत असलेली एखाद्या लेखकाची लिहिण्याची तऱ्हा. पहिलीत काही बदलायचं नाही. वांगं तेच, फोडणी प्रत्येकाची निराळी. वांगंच बदललं तर फोडणीतला फरक जिभेला कळणार कसा?

आम्ही 'स्टार ट्रेक' घेतो, कारण आमच्या पिढीने ते दूरदर्शनवर पाहिलं आणि पोरांनी नंतर मोबाइलवर. तुमच्या घोळक्याला दुसरं काही ठाऊक असेल तर ते घ्या. मात्र ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी ते जग न सांगता कळलं पाहिजे. विडंबनाच्या आधी दहा मिनिटं समजावून सांगावं लागलं की भरीत गार होतं.

जग ठरलं की त्यातल्या नेहमीच्या सात-आठ वस्तू एका कागदावर उतरवा. आमचा कागद असा आहे: एंटरप्राइज हे यान, क्रमांक एनसीसी-१७०१, मोहीम पाच वर्षांची. कप्तान कर्क, जो प्रत्येक भागात स्वतःच धोक्याच्या ठिकाणी उतरतो. स्पॉक, अर्धा व्हल्कन म्हणजे परग्रहावरचा, अर्धा माणूस, भावना न दाखवणारा, फार तर एक भुवई वर करणारा. तापट डॉक्टर मॅकॉय. इंजिनं सांभाळणारा स्कॉटी. माणसाचे कण करून त्याला खाली ग्रहावर पोहोचवणारा ट्रान्सपोर्टर. भिंतीतून तयार जेवण देणारी खिडकी. कप्तानाची रोजची नोंद, तारकातिथीसकट. आणि लाल सदरा घातलेला तो बिचारा शिपाई, जो सगळ्यांबरोबर ग्रहावर उतरतो आणि पहिल्या जाहिरातीच्या आत मरतो.

हा कागद करताना मूळ भाग एकदा बघाच. मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली, तीन हंगाम चालली, ७९ भाग झाले. सगळे बघायची गरज नाही, पाच पुरेत. पण आठवणीवर विसंबून लिहू नका, आठवण दगा देते. कप्तान स्कॉटीला "मला वर खेच" असं म्हणतो ते प्रसिद्ध इंग्रजी वाक्य जगभर लोकांच्या तोंडी आहे. गंमत म्हणजे, ते ज्या शब्दांत सगळे म्हणतात, त्या शब्दांत ते मूळ मालिकेत कुठेच नाही. लोकांनी ते आपसांत घासून गुळगुळीत केलंय. मालिकेचं जे झालं, तेच तुम्ही निवडलेल्या लेखकाचंही झालेलं असतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

ट्रान्सपोर्टर कुठून आला तेही माहीत असू द्या. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवण्याचा देखावा निर्मात्यांना परवडत नव्हता, म्हणून माणसं थेट खाली पाठवायची युक्ती निघाली. पैशाच्या अडचणीतून आलेली वस्तू आहे, आणि विडंबन लिहिणाऱ्याच्या फार कामाची. तो बंद पडला की कप्तान खाली अडकतो आणि वरच्या माणसांना बोलायला वेळ मिळतो. आमच्या सगळ्या लिखाणात प्रसंग हा एकच: ट्रान्सपोर्टर बंद, कप्तान खाली, रात्र होत आलीय. नव्या माणसानेही यावरच सुरुवात करावी. वेगळं कथानक रचायला गेलात की सगळी ताकद कथानकात जाते.

लेखक आवडता घ्या

राग काढायला विडंबन लिहू नका. न आवडणारा लेखक आपण नीट वाचलेलाच नसतो. त्याच्या दोन खोडी आपल्याला ठाऊक असतात आणि त्या दहा ओळींत संपतात.

आचार्य अत्र्यांचं उदाहरण घ्या. 'केशवकुमार' या नावाने त्यांनी 'झेंडूची फुले' लिहिली आणि रविकिरण मंडळाच्या कवींची यथेच्छ रेवडी उडवली. मराठीत विडंबन म्हटलं की अजूनही तेच नाव पहिलं येतं. पुढे असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवली. लिहितावाचता न येणाऱ्या एका शेतकरी बाईने जात्यावर, शेतात म्हटलेल्या त्या ओळी. हे सोनं आहे हे अत्र्यांना ताबडतोब कळलं. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली, आणि प्रस्तावना अत्र्यांची. खोट्या सुराची टर उडवणारा कान आणि खरा सूर ओळखणारा कान एकाच माणसाचा होता, यात मला तरी नवल वाटत नाही. नवख्याने आधी तो कान कमवायचा. हसवणं पुढचं काम.

कमवायचा कसा? कंटाळवाणं आहे, पण दुसरी वाट मला माहीत नाही. लेखकाची तीसेक पानं मोठ्याने वाचा. मग दोन पानं हाताने उतरवून काढा, टाइप करून नाही. हात लिहिताना थांबतो, आणि 'इथे मी वाक्य संपवलं असतं, याने संपवलं नाही' हे तिथेच कळतं. वाक्य किती लांब जातं, क्रियापद कुठे येतं, माणसं एकमेकांशी बोलतात की लेखकच त्यांच्या वतीने सांगतो, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, हे समासात टिपत चला.

तो काय बघतो, ते शोधा

नवे लोक इथेच घसरतात, म्हणून जरा थांबतो.

पहिल्या खेपेला सगळे शब्द उचलतात. नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीचं विडंबन म्हटलं की दर ओळीला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. बहिणाबाई म्हटलं की प्रसिद्ध ओळीतला 'संसार' काढून तिथे 'यान' चिकटवायचं. ऐकणारा पहिल्या ओळीला हसतो, कारण त्याला ओळख पटते. तिसऱ्या ओळीला तो पुन्हा पुरीकडे वळतो.

शब्द बाजूला ठेवून एक प्रश्न विचारा: हा लेखक एंटरप्राइजवर चढला तर त्याची नजर आधी कशावर जाईल? आणि काय त्याला दिसणारच नाही?

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, आणि 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या पुस्तकात एकेक प्रकरण म्हणजे एकेक रात्र. मुलं भोवती जमतात आणि श्याम आईची एखादी आठवण सांगतो. ही नजर यानावर न्या. गुरुजींना ना कप्तानाचं शौर्य दिसेल, ना इंजिनाचा वेग. त्यांना तो लाल सदऱ्याचा शिपाई दिसेल. मालिकेत त्याला धड नावही नसतं. गुरुजी पहिलाच प्रश्न विचारतील: हा कुणाचा मुलगा? याच्या आईने निघताना डब्यात काय दिलं होतं? एवढं सापडलं की तुमचं विडंबन उभं राहिलं. यानावर प्रार्थना झाली आहे, दिवे मंद केले आहेत, नि कप्तान लाल सदऱ्याच्या आईची गोष्ट सांगतोय, ही मांडणीच ऐकणाऱ्याला हसवते. पुढच्या मिनिटाला त्याचे डोळे ओले झाले तर ते तुमचं अपयश समजू नका. मात्र आईची टिंगल करायची नाही. चेष्टा करायची ती मांडणीची.

भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आणि 'कोसला' १९६३ सालची. गावाकडून शिकायला शहरात गेलेला मुलगा, वसतिगृह, मेस, घरून येणारे पैसे, वडिलांशी न जुळणारं गणित. या नजरेला एंटरप्राइज हे यान दिसतच नाही, ते वसतिगृह दिसतं! पाच वर्षांची मोहीम म्हणजे पाच वर्षांची पदवी. हे लक्षात आलं तेव्हा मी 'वगैरे' हा शब्द एकदाही न वापरता लिहून पाहिलं:

'खाली कप्तान अडकलेला. वर आम्ही जेवायला बसलेलो. मेसच्या खिडकीतून आज पुन्हा निळी भाजी आली. स्पॉक म्हणाला, कप्तान वाचण्याची शक्यता सात टक्के. म्हटलं, असेल. तेवढ्यात घरून वडिलांचा संदेश आला, की अंतराळात खर्च कसला होतो, ते एकदा सविस्तर कळव.'

'सविस्तर कळव' इथे सगळे हसले. कोणाची नक्कल हे मी आधी सांगितलं नव्हतं.

बालकवी धरणगावचे, जन्म १८९०. त्यांच्याबाबतीत उलटी गंमत होते. गवत, झरे, ऊन, पाखरं हेच ज्याचं जग, त्याला यानात बसवलं तर बघायला आहे काय? पोलादी भिंत आणि बाहेर काळोख. तारे भरपूर, पण एकही हिरवं पातं नाही. त्यांच्या कवितेत आनंदाच्या आड जी उदासीची छाया असते, ती इथे आपसूक पसरते. आमच्यातल्या एकीने यानाच्या खिडकीशी हिरवळ शोधत बसलेला कवी लिहिला, आणि स्पॉक त्याला 'निर्वातात वनस्पती उगवत नाहीत' असं समजावतोय. त्यांचा शेवट मात्र विनोदात आणू नका. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो माणूस गेला. जळगाव-भुसावळ ये-जा करणाऱ्याला ते स्टेशन रोज लागतं.

बखरीची नजर मानापमानावर आणि कामास आलेल्या माणसांवर असते. ती सगळ्यात सोपी, म्हणून पहिला सराव बखरीवर करा. लेखकाची भीतीही नाही. आमचा तो पहिला कागद असा सुरू होत होता:

'ते समयी स्वारी खाली परग्रही एकटी राहिली. यंत्र बंद जाहले. स्कॉटी सरदार यांणी शर्थ केली, परंतु यंत्रास यश न ये. लाल सदऱ्याचे दोन माणूस कामास आले. हे वर्तमान स्पॉक यांस कळतांच एक भिवई वर केली. याउपरी मुद्रेवर विकार दिसो न दिला.'

छंद असेल तर अक्षरं मोजा

पद्य लिहिणार असाल तर बोटं मोडून मोजा. बहिणाबाईंच्या कितीतरी गाण्यांत चरणाला आठ अक्षरं येतात, जात्यावरच्या लयीत. जोडाक्षर एकच धरायचं. नऊ झाली की जातं अडखळतं, आणि इकडच्या कोणत्याही म्हातारीला ते कळतं, तुम्हाला कळो न कळो. जेवणाच्या खिडकीवर आमच्या एका वहिनींनी लिहिलेल्या या चार ओळी मोजून बघा:

बटनाच्या चुल्हीतून
आली भाकर फुगून
नाही जाळ नाही धूर
चव येईल कोठून?

यात कुठल्याही प्रसिद्ध ओळीची उसनवारी नाही. भाकरीपाशी उभ्या राहिलेल्या बाईची नजर आहे आणि आठचा हिशेब आहे.

बोलीची गल्लत करू नका

हे खास खानदेशाबाहेरच्यांसाठी, आणि खरं सांगायचं तर शहरात वाढलेल्या आमच्या पोरांसाठीही. खानदेश म्हटलं की सगळं अहिराणी, असं बाहेर समजतात. तसं नाही. धुळे-नंदुरबारकडे आणि पश्चिमेच्या तालुक्यांत अहिराणी ऐकू येते. असोदे-भुसावळ-यावल पट्ट्यात लेवा बोली आहे, आणि बहिणाबाईंची भाषा ती आहे. त्यात केळीची 'केयी' होते आणि माणसाचा 'मानूस'. अहिराणीतलं 'शे' बहिणाबाईंच्या तोंडी घातलंत की संपलंच.

मी हे करून बसलोय. एका घरगुती बैठकीत मोठ्या ऐटीत ओव्या वाचल्या, दोन्ही बोलींची खिचडी करून. कोपऱ्यात बसलेल्या आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग शेजारणीला विचारलं, "हा कुठला रे पोरगा? बोलतो कुठलं?" त्या दिवसापासून बोलीतली प्रत्येक ओळ ती बोली घरात बोलणाऱ्याला ऐकवल्याशिवाय मी पुढे नेत नाही.

अहिराणीला आमच्या यानावर मानाची जागा आहे. स्कॉटी मूळ मालिकेत स्कॉटिश ढंगाचं इंग्रजी बोलतो. ते काम करणारे जेम्स डूहन कॅनडाचे होते, तो ढंग त्यांनी ऐकून उचललेला. मग मराठीत इंजिनांपाशी शिरपूरकडचा माणूस का नसावा? कप्तान खालून ओरडतो, तेव्हा आमचा स्कॉटी कपाळाचा घाम पुसत म्हणतो, "मशीन बंद पडी गयं, भाऊ. माले जरा टाइम दे." एवढं एकच वाक्य. ते प्रत्येक लिखाणात, कोणत्याही शैलीत, तसंच येतं. नेमाडी गद्यात येतं, बखरीतही येतं. लोक त्याची वाट बघतात.

चेहरा गंभीर ठेवा

लिहिताना स्वतः हसू नका. विनोदी विशेषणं नकोत, कंसात टोमणे नकोत, उद्गारचिन्हांची रांग नको. लेखक स्वतः जितक्या गांभीर्याने लिहील, तितक्याच गांभीर्याने ट्रान्सपोर्टरबद्दल लिहा. बखरकाराला यंत्र विनोदी वाटत नाही. त्याला तो दगाफटका वाटतो.

विज्ञानही वाकवू नका. ट्रान्सपोर्टर जे करू शकत नाही, ते सोयीसाठी करायला लावलंत की जग ढिलं पडतं. मराठीत विज्ञानकथा गांभीर्याने वाचणारे लोक आहेत, ते लगेच बोट ठेवतात. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती, आद्याक्षरं उलटी फिरवून. नाव बघून नव्हे, कथा बघून निकाल लागावा म्हणून. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. आमच्या पार्टीतही कागदावर नाव घालत नाहीत. वाचणाराही दुसराच असतो, म्हणजे लिहिणाऱ्याच्या हावभावांची मदत मिळत नाही.

लांबी दीड पान, फार तर दोन. शैली ओळखू आली, प्रसंग पुढे सरकला, कप्तान वर आला, की थांबा. वर नाही आला तरी थांबा.

बाहेर पाठवण्याआधी

आपल्याकडे कायद्याने लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर हक्क राहतो. शैलीवर मालकी नसते, पण वाक्यांवर असते. म्हणून हयात किंवा गेल्या ६० वर्षांत गेलेल्या लेखकांच्या ओळी जशाच्या तशा उचलू नका. तशी गरजही पडत नाही, हे वरच्या निळ्या भाजीवरून कळलं असेल.

त्याहून मोठा धोका व्हॉट्सअॅपचा. तुम्ही थट्टेत लिहिलेलं चार गटांत फिरतं, पाचव्या गटात वरचं 'विडंबन' गळतं, आणि सहाव्यात ते खुद्द त्या लेखकाच्या नावाने सुविचारासारखं येतं. वहिनींच्या त्या भाकरीच्या ओळी मला महिनाभरात सूर्योदयाच्या चित्रावर आल्या, खाली नाव बहिणाबाईंचं. वहिनी खूश, मी घाबरलेलो. आता आम्ही प्रत्येक लिखाणात एखादी यानाची खूण अशी पेरतो की ती काढली तर ओळच मोडेल. त्या ओव्यांत आता पाचवी-सहावी ओळ आहे, आणि तिच्यात स्पॉक आहे. सूर्योदयावर तो शोभत नाही.

शेवटची चाचणी माणसाची. त्या लेखकावर जीव असलेला एक वाचक गाठा आणि नाव न सांगता वाचून दाखवा. माझा तसा माणूस यावलला राहतो, केळीचा शेतकरी, 'कोसला' दरवर्षी एकदा वाचणारा. निळ्या भाजीचा परिच्छेद त्याला फोनवर ऐकवला. बराच वेळ काही बोललाच नाही. मला वाटलं, दुखावला. मग म्हणाला, "बाकी ठीक आहे भो. पण वडिलांचा संदेश इतक्या लवकर येत नाही. आधी पैसे संपू दे."

मी तो संदेश अर्धं पान पुढे नेला.